शंभर टक्के निकाल आणि नववीत हरवलेली मुलं

यंदा दहावीचे पेपर आणि रमजान एकत्रच आलेत. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षा सुरू होतेय आणि त्याच आठवड्यात चाँद दिसेल. सहरीला उठून भूमितीची प्रमेयं घोकणारी मुलं घराघरात दिसतील. अम्मी दुआ करतील, अब्बा लवकर सुट्टी घेऊन मुलाला केंद्रावर सोडतील, आणि आम्ही शिक्षक हॉल तिकिटं वाटून झाली की हजेरीपट बंद करू. मग मे महिन्यात निकाल लागेल आणि चौकाचौकात फलक झळकतील : आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के. संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, मुख्याध्यापकांचा फोटो, पहिल्या तीन मुलांचे फोटो.

आम्ही वीस वर्षांपासून असे फलक बघतोय. काही आम्ही स्वतः लिहून दिलेत, शुद्धलेखन तपासून. म्हणून आज हे लिहिताना दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायचं नाही, आधी स्वतःकडेच दाखवायचं आहे.

आमचं गाव यंत्रमागाचं. आमची शाळा मुलांची, उर्दू माध्यमाची, खाजगी अनुदानित, आणि गावात मान असलेली. नाव सांगत नाही, कारण हे एका शाळेचं काम नाही. काही वर्षांपूर्वी नववीत एक मुलगा होता. गणित, विज्ञान आणि इंग्रजी, तिन्हीत नापास. वर्षभरात साठेक दिवस गैरहजर. कारण सगळ्यांना माहीत होतं. रात्री तो लूमवर कांड्या भरायला जायचा आणि सकाळी बाकावर डोकं टेकवून झोपायचा. वार्षिक परीक्षेनंतर त्याच्या वडिलांना बोलावलं. ते हात जोडून म्हणाले, "सर, चमडी आपकी, हड्डी हमारी. पर इसको पढ़ाओ." आम्ही त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं, "याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरी बसून अभ्यास करेल, परीक्षा देईल, वर्षही वाया जाणार नाही." त्यांना सतरा नंबर म्हणजे काय ते कळलं नव्हतं. दाखल्याच्या अर्जावर मात्र त्यांनी सही केली.

पुढच्या वर्षी त्या तुकडीचा निकाल शंभर टक्के लागला. पेढे वाटले गेले. तो मुलगाही आला होता, मित्राला मुबारकबाद द्यायला. गेटबाहेर उभा होता. आम्ही म्हटलं, "अरे, आत ये ना." तो हसून म्हणाला, "सर, मैं तो अब स्कूल का नहीं हूँ ना." सतरा नंबरचा फॉर्म त्याने भरला की नाही, हे वर्षभरात आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. त्याने भरला नव्हता.

सतरा नंबर कशासाठी, वापरतो कशासाठी

बोर्डाचा हा फॉर्म वाईट नाही. ज्यांची शाळा काही कारणाने सुटली, ज्यांना कामधंदा करावा लागतो, लग्न होऊन गेलेल्या ज्या मुलींना पुन्हा शिकायचं आहे, त्यांच्यासाठी खाजगीरीत्या परीक्षेला बसायची ती सोय आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बहिणी याच वाटेने दहावी झाल्या. प्रश्न आहे तो शाळेत शिकत असलेल्या मुलाला या वाटेकडे ढकलण्याचा. नववी ही त्यासाठी सोयीची जागा. दहावीचा निकाल बोर्ड लावतं, पण नववीत काय झालं ते शाळेच्या कपाटातच राहतं. कमकुवत मुलगा नववीतून बाहेर गेला की दहावीची टक्केवारी आपोआप सुधारते. कुणी कॉपी केलेली नसते, कुणी पेपर फोडलेला नसतो. कागदावर सगळं स्वच्छ असतं.

मुख्याध्यापकांची बाजूही ऐकायला हवी. निकाल कमी लागला तर शिक्षण विभाग खुलासा मागतो. शेजारी इंग्रजी माध्यमाची नवी शाळा उघडते, पालक फलक बघून मुलं तिकडे नेतात. संस्थाचालक विचारतात, मागच्या वर्षी शंभर होता, यंदा ब्याण्णव का? हा दबाव खरा आहे. पण दबाव खरा असला म्हणून त्याची किंमत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने चुकवावी का?

आकडे काय सांगतात

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. मुली ९६.१४ टक्के, मुलगे ९२.३१ टक्के. त्याच्या आठवडाभर आधी बारावीचा लागला होता. त्यात मुली ९४.५८, मुलगे ८९.५१. दहावीला पावणेचार टक्क्यांचं अंतर, बारावीला पाच टक्क्यांच्या वर. हे आकडे सगळ्या समाजांचे मिळून आहेत आणि ते फक्त परीक्षेला बसलेल्यांचे आहेत. नववीत गेटबाहेर राहिलेला मुलगा यात पास नाही आणि नापासही नाही. तो कुठेच नाही.

उच्च शिक्षणाचा केंद्र सरकारचा पाहणी अहवाल बघा. २०१९-२० च्या तुलनेत २०२०-२१ मध्ये उच्च शिक्षणातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या आठ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे एक लाख ऐंशी हजारांनी घटली. कोविडचं वर्ष होतं हे खरं, पण त्याच वर्षी अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या वाढली. त्या अहवालातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त विचार करायला लावते. कॉलेजात पोहोचलेल्या मुस्लिम विद्यार्थ्यांमध्ये जवळपास निम्म्या मुली आहेत. ज्या समाजाच्या मुली शिकत नाहीत असं सारं जग म्हणतं, त्या समाजाच्या मुली मुलांच्या बरोबरीला आल्या. अल्हम्दुलिल्लाह. पण यात मुलींच्या मेहनतीबरोबर मुलांचं मागे पडणंही मिसळलेलं आहे, हे आपण उघडपणे बोलत नाही.

बोलतो ते रिश्त्याच्या वेळी. मुलगी एम. एस्सी. झालेली, बी. एड. झालेली, आणि समोर येणारा मुलगा नववी पास, स्वतःचं गॅरेज, कमाई चांगली. कमाईत कमीपणा काहीच नाही, हलालची रोटी आहे. पण दोघांच्या बोलण्याचा मेळ बसत नाही आणि ओझं मुलीच्या आईबापांवर येतं. मग कुणीतरी म्हणतं, मुलींना इतकं शिकवायलाच नको होतं. मुलगा नववीत का सुटला, हे कुणी विचारत नाही.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दोन गोष्टी नोंदवल्या होत्या. पहिली, मदरशात जाणारी मुस्लिम मुलं शाळेच्या वयातल्या एकूण मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के. बाकीची शिकणारी मुलं साध्या शाळांतच येतात. म्हणजे समाजाच्या मुलांची तालीम आणि तरबियत कुणाच्या हातात आहे, तर ती शाळेच्या. दुसरी गोष्ट, शिकून तरी नोकरी कुठे मिळणार, या भावनेने मुलं लवकर कामाला लागतात. ही भावना हवेतून आलेली नाही. पण शाळेनेच मुलाला "तुझ्याच्याने होणार नाही" असं सांगितलं, तर त्या भावनेवर शिक्का शाळेचा बसतो.

जुन्या शाळा कशासाठी उघडल्या होत्या

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर अंजुमन-ए-इस्लामची दगडी इमारत उभी आहे. लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. संस्था १८७४ ची. ती उभी करणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला तेव्हा त्यांना जामीन देणारे न्यायमूर्ती तय्यबजी हेच. त्या काळात मुंबईचा मुसलमान इंग्रजी शाळेकडे पाठ फिरवून होता. एक म्हणजे गरिबी, दुसरं म्हणजे दीन हातचा जाईल ही भीती. तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी यावर काढलेला मार्ग साधा होता. मुलाला उर्दूही मिळेल, दीनही मिळेल आणि इंग्रजी, गणितही मिळेल. एकासाठी दुसरं सोडायची गरज नाही.

महाराष्ट्रातलं दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगच्या कामाला हात दिला. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला आला तर राहील कुठे, खाईल काय, हा प्रश्न आधी सोडवला. महाराजांना ठाऊक होतं की हुशारी सगळीकडे असते, अडतं ते छप्पर आणि भाकरीपाशी.

या दोन्ही ठिकाणी संस्था उघडणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मागे राहिलेला मुलगा होता. पुढे असलेल्या मुलाला शाळेची गरज असतेच, पण त्याच्यासाठी कुणी चंदा गोळा करत फिरत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ईदगाहवर झोळी फिरवून ज्या शाळा बांधल्या, त्या कांड्या भरणाऱ्या मुलासाठी बांधल्या होत्या. त्यालाच बाहेर काढून निकाल शंभर करायचा, तर इमारत त्यांची राहते, शाळा त्यांची राहत नाही.

वसीम जाफरचं नाव सगळ्यांना माहीत आहे. बेस्टच्या बसचालकाचा मुलगा. अंजुमन-ए-इस्लामकडून शाळेच्या क्रिकेटमध्ये पंधराव्या वर्षी नाबाद ४०० धावा, आणि पुढे रणजी करंडकात बारा हजार धावा करणारा पहिला फलंदाज. प्रत्येक मुलगा वसीम जाफर होत नाही. पण बसचालकाच्या मुलाला शाळेच्या नावाने मैदानात उतरता येतं, हे महत्त्वाचं. मुलाकडे जे आहे ते दाखवायला शाळेने जागा दिली पाहिजे. ज्याला गणित येत नाही त्याला दुसरं काही येतं का, हे आम्ही किती वेळा शोधतो?

तरबियत म्हणजे टोपी, रांग आणि छडी?

मुलांच्या जुन्या शाळेत तरबियत हा शब्द फार वापरला जातो. माहितीपत्रकात पहिल्या पानावर असतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय होतो? सकाळी दुआ, डोक्यावर टोपी, केस बारीक, रांग सरळ, आठवड्याला दीनियातचे तास, आणि चुकलं तर छडी. शिस्त हवीच. दुआ हवी, नमाजची सवय हवी. आम्ही स्वतः अशाच शाळेत वाढलो आणि त्याबद्दल शुक्रगुजार आहोत. पण मुलगा दीनियातच्या तासाला सच्चाईवर दहा ओळी पाठ करतो आणि त्याच शाळेत मार्चमध्ये त्याला कळतं की कोणत्या केंद्रावर पर्यवेक्षक "समजूतदार" आहेत. तो यातलं कोणतं लक्षात ठेवेल? २०२५ च्या परीक्षेत कॉपीचे प्रकार आढळलेल्या केंद्रांवर बाहेरचे पर्यवेक्षक नेमायचं बोर्डाने ठरवलं तेव्हा शिक्षकांत नाराजी होती. आमच्यावर भरवसा नाही का, असं आम्हीही म्हटलं. पण भरवसा का गेला, याचं उत्तर आम्हीच द्यायचं आहे.

छडीबद्दलही बोलू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला मनाई केली. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू नाही असं ठरलं. म्हणून आपल्याकडे छडी चालते, असा अर्थ कुणी काढत असेल तर तो गुन्ह्याला दिलेला बहाणा आहे. आमच्या अनुभवात छडीने मुलगा अभ्यासाला लागत नाही, शाळेला दांडी मारायला लागतो. आणि जो मुलगा शाळेत मार खातो तो घरी लहान भावाला मारतो, उद्या बायकोवर हात उगारतो.

इथे बदलापूरची आठवण काढावी लागेल. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सुनावणीत न्यायमूर्तींनी एक गोष्ट आवर्जून सांगितली : मुलींना जपायचं असेल तर आधी मुलग्यांना शिकवा, लहान वयातच त्यांना बरोबर काय, चूक काय ते समजवा. हे सगळ्यात जास्त लागू पडतं ते फक्त मुलांच्या शाळेला. आमच्या वर्गात मुलगी नसते, स्टाफरूममध्येही बाई एखादीच असते. हातात मोबाइल मात्र प्रत्येकाच्या असतो. मुलींबद्दल मुलगा जे शिकतो ते रील्समधून शिकतो, कारण आम्ही त्या विषयावर गप्प. हया हा शब्द आपण फक्त मुलींसाठी राखून ठेवलाय. नजर खाली ठेवायचा हुकूम आधी मर्दांना आहे, हे वर्गात कोण सांगणार? विज्ञानाचा प्रजननाचा धडा "घरी वाचून या" म्हणून सोडून देणारे शिक्षक आम्हीच आहोत.

कोर्टाचा प्रश्न आणि आपला प्रश्न

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला. अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टचं हे प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं. निकाल असा की ज्या शिक्षकांच्या सेवेची पाच वर्षांहून जास्त मुदत बाकी आहे त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हायची. पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांची नोकरी टिकेल, पण बढती हवी असेल तर परीक्षा आलीच. अल्पसंख्याक शाळांना ही अट लागू करायची का, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला आणि त्याच ओघात प्रमती निकालाच्या योग्यतेवरही शंका व्यक्त झाली.

शिक्षकांची नाराजी आम्ही समजू शकतो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा परीक्षा, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, आणि एका शिक्षकाकडे दोन विषय. पण मुलं आमच्याकडे बघतायत. "परीक्षेला घाबरू नका" असं रोज सांगणारे सर स्वतःच्या परीक्षेची वेळ आली तेव्हा काय म्हणाले, हाही एक धडाच असतो.

मोठा प्रश्न घटनेच्या कलम ३० चा आहे. आपल्या पसंतीच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आपल्याला आहे आणि तो टिकलाच पाहिजे, त्यासाठी कोर्टात लढायलाच हवं. पण तिथे आपल्याला विचारलं जाईल की या हक्काचं तुम्ही काय केलं? राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अल्पसंख्याक शाळांमधली सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुलं अवघी ८.७६ टक्के असल्याचं म्हटलं होतं. हा आकडा देशभरातल्या सगळ्या अल्पसंख्याक शाळांचा. उर्दू शाळांचं चित्र वेगळं आहे, आमच्या वर्गात गरिबाचीच मुलं असतात. हेच आपलं सर्वांत मजबूत म्हणणं आहे. मग नववीत त्याच गरिबाच्या मुलाला दाखला देऊन आपण ते म्हणणं स्वतःच्या हाताने कमजोर करतो.

यात साधा व्यवहारही आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयापासून पट घटला की पद जाणार, ही टांगती तलवार प्रत्येक लहान शाळेवर आहे. जून उजाडला की आम्ही शिक्षक गल्लोगल्ली फिरतो : मुलगा द्या, मुलगा द्या. आणि एप्रिलमध्ये आम्हीच काही मुलांच्या हातात दाखला ठेवलेला असतो. एका हाताने भरायचं, दुसऱ्या हाताने सांडायचं.

काय करता येईल

पहिलं, फलक बदला. प्रत्येक शाळेची माहिती यू-डायसवर भरलेली असतेच. समजा आठवीत ८० मुलं होती, त्यातली ६२ दहावीला बसली आणि ५८ पास झाली, तर तेवढं लिहा. ५८ पास झाल्याची खुशी करा आणि १८ कुठे गेली ते शोधायला निघा. आमच्या मते ज्या शाळेची ८० पैकी ७८ मुलं परीक्षेला बसली आणि ७० पास झाली, ती शंभर टक्केवाल्या शाळेपेक्षा मोठी शाळा आहे.

दुसरं, नववीतल्या कमकुवत मुलासाठी एक तास. अख्खं गणित नको. अपूर्णांक, टक्केवारी, सोपं समीकरण, आणि इंग्रजीचं एक पान न अडखळता वाचणं. दोन शिक्षकांनी आठवड्यातले तीन दिवस दिले तर वर्षभरात फरक दिसतो. हे आम्ही गेली तीन वर्षं करून बघतोय, उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणा. सगळी मुलं टिकली नाहीत. बरीच टिकली.

तिसरं, पालकांसाठी. जूनमध्ये मुलाचं नाव घालायला जाल तेव्हा निकाल किती टक्के, यानंतर एक प्रश्न आणखी विचारा : आठवीतली किती मुलं दहावीपर्यंत पोहोचली? आणि कुणी दाखल्याच्या अर्जावर सही मागितली तर कारण विचारल्याशिवाय करू नका. गल्लीतल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन या. मुलाच्या अम्मीलाही आणा, त्या जास्त प्रश्न विचारतात.

चौथं, रमजानबद्दल. याच महिन्यात जकात निघते. मुलगा लूमवर जातो कारण आठवड्याच्या पगारावर घरचा किराणा येतो. त्याच्या घरातल्या त्या पैशांची सोय वर्षभरासाठी झाली तर तो रात्री झोपेल आणि सकाळी जागा राहील. असं कुटुंब हकदार ठरतं का, रक्कम कुणाच्या हातात द्यायची, हे आपल्या आलिमांना विचारून घ्या. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला कमान बांधून देण्याआधी दोन मुलांची ही सोय केली तर बरं होईल.

वालिदैन मूल शाळेच्या हवाली करतात तेव्हा ती अमानत असते. अमानत जशी दिली तशी तरी परत करायची असते, जमलं तर वाढवून. नववीत मध्येच "हे आमच्या कामाचं नाही" म्हणून परत करणं हा अमानतीचा कायदा नाही. ज्या शाळेत तालीम एका तासाला आणि तरबियत दुसऱ्या तासाला शिकवली जाते, तिथे मुलगा दोन्ही विसरतो. शाळा आपल्याशी कशी वागली, हे मात्र तो कधीच विसरत नाही.

तो कांड्या भरणारा मुलगा आता बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मागच्या पावसाळ्यात बाजारात भेटला. सलाम केला, हातातली पिशवी घेतली, गाडीपर्यंत सोडायला आला. तरबियत त्याच्यात होतीच, ती घरची होती. आम्ही विचारलं, दहावी करायची का अजून? यंदाच्या सतरा नंबरची तारीख त्याने दोनदा विचारून घेतली. यावेळी त्याचा फॉर्म आम्ही स्वतः भरून घेतलाय. हॉल तिकीट आलं की ते द्यायला आम्ही लूमवर जाणार आहोत.